झाडूसाठी भिंतीवरचा होल्डर: विकत घेण्याआधी भिंत आणि दांडा बघा

मागच्या पावसाळ्यात भंडाऱ्याच्या घरी आईनं कोपऱ्यातला फडा उचलला आणि त्यातून विंचू खाली पडला. चावला नाही, पण त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला: "अरे, या झाडवांचं काही तरी कर बाप्पा. कोपऱ्यात हात घालायला भेव वाटते."

मी लगेच ऑनलाइन एक होल्डर मागवला. पाच खाचा, सहा हुक, मागे डबल टेप. भिंतीला दाबून लावला, फोटो काढला, बहिणीला पाठवला. तिसऱ्या रात्री तो झाडूसकट खाली आला. टेपच्या मागे पांढऱ्या रंगाचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. म्हणजे टेप सुटलीच नव्हती, भिंतीचा रंग सुटला होता.

वस्तू साधी, पण चुकणं सोपं. म्हणून या लेखात बघूया की झाडू होल्डर नेमका धरतो कसा, आपल्याकडच्या झाडूंना कोणता चालतो, कोणत्या भिंतीवर काय टिकतं, आणि विकत न घेता घरीच कसा करता येतो.

झाडू टांगायचाच कशाला?

कारणं तीन आहेत.

पहिलं कारण वाक. फुलझाडू म्हणजे गवताचे तुरे, आणि केरसुणी म्हणजे शिंदीची पानं. दोन्ही वनस्पतीचे धागे. ओल लागली की ते मऊ होतात आणि वाकलेल्या स्थितीत वाळले की तो वाक कायमचा बसतो. बुरड कारागीर बांबूची कामटी भिजवून वाकवतो आणि मग वाळू देतो, तेच इथे नकळत घडतं. झाडू तुऱ्यांवर उभा ठेवला की त्याचं सगळं वजन टोकांवर येतं. पावसाळ्यात चार महिने असं चाललं की झाडू एका बाजूला वळतो, आणि मग कचरा लोटण्याऐवजी त्याच्यावरून सरकतो.

दुसरं कारण हवा. भंडारा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि त्या काळात घरातली फरशीही दमट असते. फरशीला टेकलेला ओला झाडू खालून वाळतच नाही. त्याला वास येतो, मग काळी बुरशी धरते. टांगलेल्या झाडूला चारही बाजूंनी हवा लागते.

तिसरं कारण आईचं. अंधारा, दमट, न हलवलेला कोपरा विंचू, गोम, झुरळ यांना आवडतो. मण्यारसारखा साप पावसाळ्यात रात्रीचा घरात येतो, तोही असाच आडोसा शोधतो. होल्डर लावल्यानं साप-विंचू घरात यायचे थांबत नाहीत. पण फरशी मोकळी राहते, कोपरा रोज झाडता येतो आणि हात कुठे घालतोय ते डोळ्यांना दिसतं. तेवढ्यानं बराच फरक पडतो.

आधी आपले झाडू बघा

बाजारातले बहुतेक होल्डर गोल, गुळगुळीत, एकसारख्या जाडीच्या दांड्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे मॉप, वायपर, लांब पाइपचा ब्रश. आपल्या घरात मात्र साधारण चार प्रकार असतात, आणि प्रत्येकाचा दांडा वेगळा.

१. फुलझाडू: दांडा म्हणजे गवताच्या काड्यांचीच जुडी, वरून प्लॅस्टिकचं आवरण. वर बारीक आणि खाली जाड. दाबला तर थोडा दबतो. बहुतेकांच्या टोकाला लूप किंवा भोक असतं.

२. केरसुणी, म्हणजे विदर्भातला फडा: याला दांडा नसतोच. वर आवळून बांधलेली मूठ, खाली पसरलेला पंखा.

३. खराटा: काड्यांची जुडी, अंगणासाठी. गाडगेबाबांच्या हातात असायचा तो. वर दोरी किंवा तार बांधलेली असते, काड्या मात्र निसटत राहतात.

४. मॉप आणि वायपर: स्टील, ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकचा गोल पाइप. ओला मॉप या सगळ्यांत जड. फुलझाडू साधारण अर्ध्या किलोच्या आत भरतो, तर पाणी धरलेला मॉप दीड-दोन किलोपर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे चारपैकी फक्त चौथ्या प्रकाराला रेडिमेड होल्डर नीट बसतो. हे लक्षात न घेता खरेदी केली की पैसे वाया जातात.

होल्डर धरतो कसा?

हुक: सगळ्यात जुना प्रकार. आपल्या मातीच्या घरांत भिंतीतच लाकडी खुंटी बसवलेली असायची, तोच हा. तिकडे अमेरिकेत शेकर नावाचा धार्मिक पंथ होता. त्यांच्या घरांत भिंतभर लाकडी पट्टी आणि तिच्यावर खुंट्या असत, आणि झाडूच काय, खुर्च्याही तिथे टांगत. फरशी मोकळी राहिली की झाडायला सोपं, हा त्यामागचा साधा हिशोब. हुकात हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला काहीच नाही. फक्त झाडूला लूप हवा.

सी क्लिप: इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी कडी. दांडा आत दाबला की कडी थोडी फाकते आणि पुन्हा मिटून त्याला धरते. दांडा कडीच्या मापापेक्षा किंचित जाड हवा. जास्त जाड असेल तर कडी तुटते, बारीक असेल तर दांडा घसरतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दांडा काढताना आपण तो भिंतीपासून *बाहेर* ओढतो. म्हणजे प्रत्येक वेळी होल्डरही थोडा उपटला जातो.

रोलरवाला: दोन बाजूंना रबराचे रोलर किंवा गोळे, आणि ते तिरक्या खाचेत वर-खाली सरकतात. दांडा आत घातला की रोलर वर जातात आणि वाट मोकळी होते. हात सोडला की दांडा स्वतःच्या वजनानं खाली येऊ बघतो आणि रोलरना सोबत खाली ओढतो. खाली खाच अरुंद असल्यानं रोलर दांड्यावर घट्ट दाबले जातात. दाराखाली पाचर मारतो तसंच हे: दार जितकं ढकलाल तितकी पाचर घट्ट. म्हणून जड मॉप इथे उलट जास्त घट्ट बसतो. काढताना आधी किंचित वर उचलायचं, मग पुढे घ्यायचं. सरळ ओढलं तर निघत नाही आणि होल्डरच हलतो.

पण ही सगळी पकड घर्षणावर उभी आहे. दांड्याला साबणाचं पाणी किंवा तेलकट हात लागला की रबर घसरतं. फुलझाडूचा दांडा मऊ आणि निमुळता, म्हणून एक रोलर टेकतो आणि दुसरा नीट टेकतच नाही. फड्याची मूठ तर आत शिरतच नाही. पाकिटावर किती मिलिमीटर जाडीचा दांडा चालेल ते लिहिलेलं असतं. घरच्या दांड्याभोवती दोरा गुंडाळा, दोऱ्याची लांबी मोजा, ३.१४ नं भागा. ती तुमच्या दांड्याची जाडी.

भिंतीवर जोर किती येतो?

"आठ किलो वजन पेलतो" असं पाकिटावर वाचून आपण निश्चिंत होतो. पण होल्डर पडतो तो वजनापेक्षा तरफेमुळे.

समजा होल्डरची पट्टी अशी आहे की वरच्या स्क्रूपासून तिची खालची कड ४ सेंमीवर येते. हुक भिंतीपासून १० सेंमी पुढे आहे. त्यावर २ किलोचा ओला मॉप टांगला. पट्टी खालच्या कडेवर टेकून पुढे झुकू बघते आणि वरचा स्क्रू तिला मागे धरून ठेवतो. हिशोब असा:

२ × १० ÷ ४ = ५

म्हणजे वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर ५ किलो वजनाइतका. आता तोच मॉप भिंतीपासून ३ सेंमीवर टांगा:

२ × ३ ÷ ४ = १.५

तोच मॉप, तीच भिंत, पण जोर तिपटीहूनही कमी. म्हणून दोन नियम: झाडू भिंतीला जितका जवळ तितका बरा, आणि होल्डरची पट्टी जितकी उंच तितकी बरी.

डबल टेप का सुटते?

टेपला दोन तऱ्हेनं जोर लागतो. एक, भिंतीला समांतर खाली घसरवणारा. तो ती चांगला सोसते. दुसरा, कड धरून सोलणारा, स्टिकर काढतो तसा. तिथे ती कमजोर पडते, कारण सगळा जोर एकाच कडेवर येतो. वर बघितलेली तरफ नेमकी वरची कड सोलते.

त्यात भर पडते भिंतीची. चुना किंवा साधा डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तुमची टेप भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटणार. आमच्याकडे तेच झालं. शिवाय भंडाऱ्याच्या मे महिन्यात पश्चिमेकडची भिंत इतकी तापते की टेपचा डिंक मऊ होतो, आणि पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते.

टेप कुठे चालते? चकचकीत टाइल, काच, स्टीलचं कपाट, सनमायका. लावण्याआधी जागा पुसून कोरडी करा, जमल्यास स्पिरिटनं पुसा. अर्धा मिनिट जोरात दाबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमान २४ तास त्यावर काही टांगू नका. टेपची पकड एकदम येत नाही, तासातासानं वाढत जाते. पाच मिनिटांत झाडू टांगणं ही सगळ्यांकडून होणारी चूक.

आणखी एक गोष्ट. हलका झाडू टांगायच्या हुकाला टेप पुरते. सी क्लिप मात्र टेपवर लावू नका, कारण ती रोज बाहेर ओढली जाते.

भिंत ओळखा

विटांची, प्लास्टर केलेली भिंत: आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं, त्यामागे वीट. नुसता खिळा ठोकला तर तो बहुतेक प्लास्टरमध्येच राहतो आणि काही दिवसांत हलायला लागतो. स्क्रू विटेपर्यंत जायला हवा.

लोणा लागलेली भिंत: नदीकाठच्या वस्तीत, किंवा ज्या घरांत पुराचं पाणी शिरलं होतं तिथे, भिंतीचा खालचा भाग फुगलेला, पापुद्रे निघालेला दिसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं, तो पूर इथले लोक विसरलेले नाहीत. अशा भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे. तिथे काहीच लावू नका. वर, ठणठणीत आवाज येईल अशी जागा शोधा.

मातीची भिंत: इथे ड्रिल आणि प्लॅस्टिकचा प्लग दोन्ही निरुपयोगी. प्लग फुलला की बाजूची माती दबते, घट्ट धरत नाही. त्याऐवजी लाकूड शोधा: दाराची चौकट, खांब, आढं. तेही जवळ नसेल तर कपड्यांच्या वळणीसारखा एक आडवा बांबू छताच्या लाकडाला दोरीनं टांगा आणि त्याला एस हुक अडकवा. भिंतीला हातही लावावा लागत नाही.

स्क्रू लावायची पद्धत

लागणारं सामान: ड्रिल, ६ मिलिमीटरचा सिमेंटचा बिट, ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिक प्लग आणि त्यात बसणारे स्क्रू. दुकानात या प्लगला कोणी फिशर म्हणतं, कोणी गट्टी. फिशर हे नाव जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांच्यावरून आलं. त्यांनी १९५८ मध्ये नायलॉनचा असा प्लग बनवला. स्क्रू आत जातो तसा प्लग फुलतो आणि भोकाच्या भिंतींना दाबून धरतो. युक्ती एवढीच.

१. आधी वायरिंग बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडू नका. नळाच्या रेषेतही नको.

२. उंची ठरवा. झाडूची लांबी अधिक १५ सेंमी, एवढ्या उंचीवर हुक. म्हणजे तुरे फरशीपासून तेवढे वर राहतील आणि खालून पोछा मारता येईल. ही उंची घरातल्या वयस्कर माणसाच्या खांद्याच्या वर जात असेल तर हुक थोडा खाली घ्या.

३. बिटवर चिकटपट्टीची खूण करा: प्लगची लांबी अधिक १ सेंमी. तेवढंच खोल जायचं. जास्तीची जागा भोकातल्या भुकटीसाठी.

४. डोळ्यांना चष्मा लावा. टाइलवर आधी हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटनं हळू भोक पाडा, टाइल पार झाल्यावरच सिमेंटचा बिट आणि हॅमर.

५. भोकातली भुकटी फुंकून किंवा जुन्या ब्रशनं काढा. भुकटी राहिली तर प्लग घसरतो.

६. प्लग भिंतीच्या सपाटीला येईपर्यंत ठोका आणि स्क्रू हातानं आवळा. प्लग स्क्रूसोबत गोल फिरायला लागला तर भोक मोठं झालं आहे. त्यात काडी कोंबत बसू नका, ८ मिलिमीटरचा प्लग वापरा.

घरच्या घरी होल्डर

लाकडी पट्टी: साधारण दीड-दोन फूट लांब, तीन-चार इंच उंच फळी. तिला दोन टोकांना दोन स्क्रूनं भिंतीवर बसवा. भिंतीत भोकं फक्त दोन, आणि पट्टीवर हुक हवे तितके. फुलझाडूला लूप नसेल तर दांड्याच्या टोकाला नायलॉनची दोरी दोन वेढे देऊन गाठ मारा. घरात लहान मुलं असतील तर टोकदार खिळे नकोत, वाकवलेले हुक घ्या.

पाइपची क्लिप: वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. चार-पाच सेंमीचा तुकडा कापा आणि लांबीच्या बाजूनं एक चीर काढा, इतकी की पाव ते एक तृतीयांश भाग मोकळा होईल. कडा पॉलिश पेपरनं घासा. मागच्या बाजूला भोक पाडून स्क्रूनं पट्टीवर बसवा. साधारण इंचभर जाडीच्या मॉपच्या दांड्याला हे माप चालतं. उन्हात ठेवू नका, पीव्हीसी कडक होऊन तडकतं.

फड्यासाठी दोन एल हुक: एकाच उंचीवर, साधारण वीतभर अंतरावर दोन एल हुक लावा आणि फडा त्यावर आडवा ठेवा. हे शेवटचं का सांगतोय, ते पुढे.

"फडा उभा ठेवू नये"

नवा होल्डर लावताना आईनं अडवलंच. "फुलझाडू टांग, पण फडा उभा नको ठेवू. लक्ष्मी आहे ते." आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात. तिला पाय लागू देत नाहीत, आणि अनेक घरांत ती आडवी, नजरेआड ठेवायची रीत आहे. घरोघरी ही रीत थोडी वेगळी, पण ती मोडून लावलेला होल्डर वापरला जाणार नाही, हे नक्की. आठवड्यात फडा परत दारामागे जाईल.

खरं सांगायचं तर फड्याच्या बाबतीत आईची पद्धत आमच्या होल्डरपेक्षा बरी निघाली. फड्याला लूप नाही, गोल दांडा नाही. तो आडवा ठेवला की पानांच्या टोकांवर वजन येत नाही, पंखा वाकत नाही. फक्त फरशीवर आडवा ठेवला की खालून ओल आणि आत विंचू. दोन एल हुकांवर, गुडघ्याच्या वर, तो आडवाही राहतो, कोरडाही राहतो आणि पायही लागत नाही.

थोडक्यात

- भिंतीवर बोट फिरवा: भुकटी लागली तर टेप नको.
- भिंतीवर ठोका: पोकळ आवाज आला तर जागा बदला.
- दांडा मोजा: गोल आणि गुळगुळीत असेल तरच रोलर किंवा क्लिप. नाही तर लूप आणि हुक.
- फडा आडवा, दोन हुकांवर.
- ओला मॉप पिळून, भिंतीच्या जितका जवळ जमेल तितका टांगा.

आमच्या मागच्या दाराजवळ आता दोन फुटांची फळी आहे, तीन हुक, एक पाइपची क्लिप आणि बाजूला खाली फड्याचे दोन एल हुक. ऑनलाइन आलेला होल्डर फेकला नाही. तो बाथरूमच्या टाइलवर, २४ तास थांबून लावला, आणि वायपर त्यात छान बसतो. कोपरा रिकामा आहे. आई रोज तो झाडते, आणि फडा उचलण्याआधी एकदा झटकतेच. ती सवय मात्र तुम्हीही ठेवा, होल्डर कितीही चांगला असला तरी.